ओहायो स्टेटचं ‘स्कल सेशन’ : बँड ऐकायचा असेल तर इथे जा

ठिकाण : सेंट जॉन अरीना, ओहायो स्टेट युनिव्हर्सिटी, कोलंबस. दिवस : अमेरिकन फुटबॉलचा घरचा सामना असेल तो शनिवार. वेळ : सामन्याच्या साधारण दोन तास आधी. प्रवेश फुकट. माझे गुण : पाचपैकी पाच.

मी मूळचा चंदगडचा. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमध्ये नोकरी झाली, सुरुवातीला युफोनियम आणि नंतर बास, दोन्ही फुंकायची पितळी वाद्यं. निवृत्तीनंतर मुलगी-जावयाकडे कोलंबसला येणंजाणं असतं. बँड म्हटलं की ‘छान वाजवतात हो पोरं’ एवढ्यावर माझं भागत नाही. सूर जुळलाय का, रांग सरळ आहे का, वळताना आतल्या बाजूचा माणूस पाऊल आखडतोय का, हे नजर आपोआप टिपते. खालचं सगळं त्या नजरेनं लिहिलंय.

इथे पोरांकडे आलेल्या आपल्या मंडळींना स्टेडियम दाखवतात, प्राणिसंग्रहालय दाखवतात, एखादं देऊळ दाखवतात. स्कल सेशनला कोणी नेत नाही, कारण बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं. ही बँडची सामन्याच्या दिवशीची शेवटची तालीम. युजीन वायगल नावाच्या बँडमास्तरांनी १९३२ मध्ये ती सुरू केली. मैदानात उतरण्याआधी सगळ्यांनी एका जागी जमून त्या दिवसाचं वाजवणं एकदा डोक्यात पक्कं करायचं, इतकाच हेतू. मग वाजवणाऱ्यांचे मित्र यायला लागले, आईबाप यायला लागले, जागा पुरेना. १९५७ पासून ही तालीम सेंट जॉन अरीनात होते. ही जुनी बास्केटबॉलची बंदिस्त इमारत आहे, तेराएक हजार माणूस मावेल एवढी. सामना महत्त्वाचा असला की तीसुद्धा गच्च भरते.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वरच्या बाजूला, बाकड्यावर बसलो होतो. आधी नुसते ड्रम आत आले. बंद जागेत एवढे साइड ड्रम एकदम वाजायला लागले की छातीत घुमतं, तो अनुभव मला नवा नव्हता. पुढचा होता. सगळा बँड जागेवर उभा राहिला, बँडमास्तरांनी हात वर केला, आणि पहिली रचना एकदम संथ, प्रार्थनेसारखी निघाली. दोनशेच्या आसपास पितळी वाद्यं, आणि आवाज इतका खाली की शेजारच्या बाईंच्या हातातला कागद चुरगळलेला ऐकू येत होता. मोठ्यानं वाजवायला फार अक्कल लागत नाही, छातीत दम असला की झालं. हळू वाजवताना ओठ थरथरतात, सूर खाली बसतो, एखादा मागेपुढे होतो. इथे तसलं काही झालं नाही. सगळ्यात खालचा सूर धरलेले बासवाले तर श्वास कधी घेत होते तेच कळेना. चौघांनी मिळून पाळीपाळीनं श्वास घ्यायची पद्धत आम्हालाही शिकवली होती. इतक्या माणसांत ती इतकी बेमालूम ऐकायला मिळाली नव्हती.

आता या आवाजाचं कारण सांगतो. ओहायो स्टेटच्या बँडमध्ये क्लॅरिनेट नाही, बासरी नाही, सॅक्सोफोन नाही. पितळ आणि तालवाद्यं, एवढंच. अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांच्या बँडमध्ये ही सगळी वाद्यं असतात; आमच्या फौजी ब्रास बँडमध्येही क्लॅरिनेटवाल्यांची मोठी फळी असते आणि चाल बहुतेक वेळा तेच उचलतात. वायगलनी १९३४ मध्ये ती सगळी काढून टाकली आणि इंग्लंडमधल्या ब्रास बँडांच्या धर्तीवर सगळं पितळ ठेवलं. क्लॅरिनेटची जागा भरायला त्यांच्याकडे ई-फ्लॅट कॉर्नेट आहे. हे छोटंसं, वरच्या पट्टीतलं आणि वाजवायला अवघड वाद्य. त्याखाली ट्रंपेट, फ्लूगलहॉर्न, आल्टो हॉर्न, ट्रॉम्बोन, बॅरिटोन, आणि सगळ्यांच्या मागे सूझाफोनची, म्हणजे अंगाभोवती वेढून खांद्यावर घ्यायच्या मोठ्या बासची, भिंत. या रचनेमुळे आवाजाला एकच रंग येतो. काहींना तो एकसुरी वाटेल. मला तो स्वच्छ वाटतो. उघड्या मैदानात, वाऱ्यात, लाखभर माणसांच्या गलक्यात ऐकू जायचं असेल तर असाच आवाज हवा, आणि वायगलना नेमकं ते कळलं होतं.

बँड त्याहून बराच जुना आहे. १८६२ च्या कायद्यानं केंद्र सरकारच्या जमिनीतून जी कॉलेजं उभी राहिली, त्यांना शेती आणि यंत्रविद्येबरोबर लष्करी कवायतही शिकवायला लागायची. ओहायो स्टेट त्यातलंच. कवायत आली की ताल आला, आणि १८७० च्या दशकाच्या शेवटी इथल्या कॅडेटांसाठी बासरी आणि ड्रम वाजवणारं छोटं पथक उभं राहिलं. आजच्या बँडच्या वळणात ती फौजी मुळं स्पष्ट दिसतात : गडद रंगाचा गणवेश, छातीवर पांढरे आडवेतिडवे पट्टे, बुटांवरून बांधायचे पांढरे गॅटर. सगळं फौजी. विद्यार्थी मात्र सगळ्या विषयांचे. अरीनाच्या बाहेर मी ज्या पोराशी बोललो तो केमिकल इंजिनिअरिंग शिकत होता. ओठावर माउथपीसचा, म्हणजे वाद्याच्या फुंकायच्या तोंडाचा, गोल वळ उठला होता, आणि त्या वळानंच आमची बोलायला सुरुवात झाली.

त्याच्याकडून जे ऐकलं त्यामुळे या बँडकडे बघण्याची माझी दृष्टीच बदलली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या बँडमध्ये माणसं ओळीनं बांधलेली असतात. प्रत्येक ओळीला एक इंग्रजी अक्षर आहे. ट्रंपेटच्या ओळी वेगळ्या, ट्रॉम्बोनच्या वेगळ्या. के आणि एल या सूझाफोनवाल्यांच्या. ओळीत चौदा जण, त्यातले बारा शनिवारी मैदानात उतरतात आणि दोघं राखीव. आता इथपर्यंत कुठेही असतं. पण हे राखीव दोघं दर आठवड्याला ओळीतल्या कुणालाही आव्हान देऊ शकतात. दोघांना परीक्षकांसमोर चालायला लावतात, वाजवायला लावतात. राखीव पोरगा सरस ठरला तर शनिवारी तो मैदानात आणि ज्याची जागा गेली तो बाहेर. चार वर्षं झाली असोत, पाच होत असोत, सवलत नाही. शिवाय दर ऑगस्टला सगळ्यांची नव्यानं निवड होते, जुने-नवे सगळे एका रांगेत. कालच्या वर्षी तुम्ही पहिल्या ओळीत होता, याला यंदा काही किंमत नाही. त्यासाठी पोरं अख्खा उन्हाळा स्वतःहून येऊन सराव करतात.

मी त्याला विचारलं, तुझी जागा कधी गेली का? म्हणाला, हो, गेली. मग पुढच्या आठवड्यात? म्हणाला, परत आव्हान दिलं. बोलण्यात कुरकुर नव्हती.

फौजेत जागा अशी जात नाही. एकदा पास झालात की तुम्ही बँडचे. तिथे शिस्त वरून येते आणि माणूस ती हळूहळू अंगात मुरवून घेतो. इथे बाजूचा मित्रच दर आठवड्याला तुमची जागा मागू शकतो, आणि तरीही शनिवारी तुम्ही दोघं एकाच बँडचे असता. ही पद्धत सगळीकडे चालेल असं मी म्हणत नाही. पण तिचा परिणाम कानांनी ऐकू येतो. दोनशे लोकांत ‘चालवून घेतलेला’ एकही माणूस नसला की मधल्या ओळींचा सूर भक्कम बसतो. बहुतेक बँडांत पुढच्या ओळी तयारीच्या असतात आणि मधल्यांचं झाकून जातं. इथे झाकायला जागाच ठेवलेली नाही. आणि सगळं पाठ. कागद कुणाच्याच समोर नसतो, मध्यंतरात जे वाजणार आहे तेसुद्धा.

बाया-मुलींना या बँडमध्ये १९७३ मध्ये प्रवेश मिळाला. त्याआधी सगळा पुरुषांचा कारभार. आठ वर्षांत, १९८१ मध्ये, शेली ग्राफ पहिली बाई ड्रम मेजर, म्हणजे काठी घेऊन बँडच्या पुढे चालणारी, झाली. आज कुठल्याही ओळीत मुली दिसतात, आणि बॅरिटोनची एक ओळ माझ्यासमोरून गेली त्यात मला कुणाचं पाऊल जास्त नेमकं पडतंय म्हणून बघायचं झालं तर टोकाच्या मुलीचंच. थंडी होती. उजव्या हाताच्या मुठीत तिनं माउथपीस घट्ट धरला होता, वाद्यात बसवला नव्हता. पितळ गार पडलं की सूर खाली जातो, आणि गार माउथपीसला ओठ लावला तर ओठही आखडतो. निघायच्या चार पावलं आधी तिनं तो बसवला, बोटानं अर्धा वळसा दिला, आणि वाद्य वर. शिकवलेली असेल किंवा स्वतः शिकली असेल. बघून फार बरं वाटलं.

स्कल सेशनमध्ये बँड एकटाच नसतो. फुटबॉलची टीम अरीनातून जाते, त्यांचे प्रशिक्षक दोन शब्द बोलतात, एखादा खेळाडू बोलतो. ही पद्धत जिम ट्रेसल २००१ मध्ये प्रशिक्षक म्हणून आले तेव्हापासूनची. गर्दीतले बरेच जण त्याच पाच-दहा मिनिटांसाठी आलेले असतात, आणि टीम गेली की काही उठूनही जातात. तुम्ही उठू नका. खरं वाजवणं त्यानंतरही असतं.

सेशन संपलं की बँड अरीनातून निघून रस्ता ओलांडून स्टेडियमकडे कूच करतो. अंतर थोडकंच. दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात. तिकीट नसेल तर तुमचा कार्यक्रम इथे संपला, आणि तो पैसा वसूल असाच आहे, कारण पैसा लागलेलाच नाही.

तिकीट असेल तर पुढचं ऐका.

ओहायो स्टेडियम १९२२ चं. घोड्याच्या नालेच्या आकाराचं, आणि एक लाख दोन हजारांच्या वर माणूस बसतं. सामना सुरू व्हायच्या बऱ्याच आधी जागेवर जाऊन बसा, कारण बँड उत्तरेकडच्या उतारावरून आत येतो आणि त्या सोहळ्याला चुकलात तर अर्धं गेलं. ड्रम आधी येतात. ताल मिनिटाला १८० चा. ज्यांना आकडा कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो : आमची नेहमीची तेज चाल मिनिटाला १२० पावलांची आणि पाऊल तीस इंचांचं. इथे पाऊल साडेबावीस इंचांचं, म्हणजे पाच यार्डांत बरोबर आठ पावलं, पण गुडघा असा उचलायचा की मांडी जमिनीला समांतर झाली पाहिजे, पाय खुर्चीत बसल्यासारखा. मिनिटाला १८० वेळा. अंगावर गणवेश, हातात पितळ, आणि काहींच्या खांद्यावर दहा-पंधरा किलोचा सूझाफोन. मी बास वाजवलाय. तो खांद्यावर असताना माउथपीस दाताला लागू न देता चालणं काय असतं ते मला माहीत आहे, आणि तेही ११६-१२० ला. १८० ला मांडी उचलून सूर धरून ठेवणाऱ्या पोरांना मी उभं राहून दाद दिली, आसपासचे सगळे बसलेले असताना.

सगळा बँड मैदानावर लागला की ड्रम मेजर वरून पळत येतो, ओळींच्या मधून सरळ पुढे. पुढे येऊन थांबतो आणि मागे कमान टाकतो, इतकी की टोपीचा तुरा जमिनीला टेकतो. तुरा टेकला की स्टेडियम पेटतं. त्यानंतर बँड त्यांचं लढाऊ गाणं वाजवत मैदानभर जातो, आणि मैदानाच्या टोकाला ड्रम मेजर आपली काठी गोलपोस्टच्या वरून फेकून पलीकडे झेलतो. आमच्या ड्रम मेजरच्या हातात जड मेस (मोठ्या मुठीची काठी) असतो आणि त्याचा सगळा डौल थांबण्यात असतो. इथला डौल वेगात आहे. दोन्ही आपापल्या जागी सुंदर.

मग येतं ते, ज्यासाठी हा बँड जगभर ओळखला जातो. स्क्रिप्ट ओहायो.

बँड मैदानभर चालत ‘ओहायो’ हा शब्द इंग्रजीच्या एकमेकांना जोडलेल्या वळणदार अक्षरांत लिहितो. वाजतं ‘सांब्र-ए-म्यूज’ हे जुनं फ्रेंच लष्करी कूच. आधी ‘ओ’चं गोल भेंडोळं फिरतं, मग ड्रम मेजर पुढे निघतो आणि त्याच्या मागे एकामागून एक सगळा बँड, जणू मोडी लिहिताना बोरू न उचलता ओळ सरकत जावी. प्रत्येक माणूस पुढच्याच्या मागून तीच वळणं घेतो. म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे जण सगळा शब्द चालतात. अक्षरांची वळणं जिथे एकमेकांना छेदतात तिथे दोन प्रवाह एकमेकांतून जातात. एक माणूस पूर्वेकडे, मधल्या फटीतून दुसरा दक्षिणेकडे, वाद्यं वर, नजर समोर. वरून बघताना हे अगदी सहज वाटतं. मी दुर्बीण घेऊन गेलो होतो आणि पूर्ण वेळ एकाच छेदावर धरून बसलो. फट माणसाच्या खांद्याएवढी होती. वाद्याला वाद्य लागलेलं एकदाही दिसलं नाही.

हे पहिल्यांदा केलं १० ऑक्टोबर १९३६ ला, पिट्सबर्गविरुद्धच्या सामन्यात. कल्पना वायगलचीच. राज्याच्या जत्रेत विमानानं धुरानं आकाशात लिहिलेली अक्षरं त्यांनी पाहिली होती, आणि कोलंबसच्या ओहायो थिएटरच्या दर्शनी पाटीवरचं ‘ओहायो’ हे वळणदार नाव त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण कोलंबसमध्ये ती कुणी आपणहून सांगत नाही : त्याच्या चार वर्षं आधी, १९३२ मध्ये, मिशिगन युनिव्हर्सिटीच्या बँडनं याच स्टेडियममध्ये येऊन ‘ओहायो’ हा शब्द वळणदार अक्षरांत काढला होता. म्हणून मिशिगनवाले अजून हक्क सांगतात. माझं मत असं : शब्द काढणं वेगळं आणि एका ओळीनं चालत तो लिहून दाखवणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीचं श्रेय ओहायोचंच.

शेवटी ‘आय’वरचं टिंब. पहिल्या वर्षी टिंबावर ट्रंपेटवाला होता. १९३७ मध्ये वायगलनी तिथे सूझाफोनवाला आणला आणि तेव्हापासून तो मान त्यांचाच. मग एका सामन्यात ड्रम मेजर ठरल्यापेक्षा तालाची तीन-चार मापं आधीच टिंबाच्या जागी पोचला. संगीत उरलं होतं, करायला काही नव्हतं. टिंबावरच्या ग्लेन जॉन्सननं वेळ भरून काढायला पाय उंच उडवला, गिरकी घेतली आणि सूझाफोनसकट खाली वाकून अभिवादन केलं. स्टेडियम उसळलं. तेव्हापासून तो परंपरेचा भाग. आज चौथ्या-पाचव्या वर्षाचा सूझाफोनवाला ड्रम मेजरच्या मागून ऐटीत टिंबाच्या जागी जातो, वाटेत दोघं टाळी देतात, आणि मग तो स्टेडियमच्या दोन्ही बाजूंना वाकतो. तेवढ्यासाठी त्यानं चार-पाच वर्षं दर आठवड्याला आपली जागा राखलेली असते. माझी मुलगी कॉलेजात असताना लेझीमच्या पथकात होती, तिला त्या वाकण्याचं फार. मला त्याच्या आधीच्या पंधरा-वीस पावलांचं जास्त. त्या पावलांत त्याला एक लाख लोक बघत असतात आणि त्याचं पाऊल तरीही तालाला बांधलेलं असतं. तिथे मन वर जाऊ न देणं अवघड.

बाहेरच्यांना हा मान क्वचितच मिळतो. विनोदी नट बॉब होप यांना १९७८ मध्ये मिळाला, फुटबॉलचे दिग्गज प्रशिक्षक वुडी हेज यांना १९८३ मध्ये, गोल्फपटू जॅक निकलस यांना २००६ मध्ये. पृथ्वीभोवती फिरलेले पहिले अमेरिकन जॉन ग्लेन आणि त्यांची पत्नी ॲनी यांनी २००९ मध्ये मिळून टिंब दिलं. बँडवाल्यांसाठी ती यादी सन्मानाची असेलच; माझ्या दृष्टीनं जागा सूझाफोनवाल्याचीच आहे आणि दर वेळी त्यालाच मिळावी.

मध्यंतराचा कार्यक्रम दर सामन्याला वेगळा असतो. नवीन काळात या बँडनं मैदानावर चालत्या आकृत्या काढायला सुरुवात केली. २०१३ मध्ये मायकल जॅक्सनची मूनवॉक करणारी आकृती त्यांनी माणसांतून काढली आणि ती चित्रफीत जगभर फिरली. त्याच वर्षापासून सरावाचे नकाशे कागदाऐवजी आयपॅडवर आले. कौतुक वाटतं, पण खरं सांगायचं तर मला मध्यंतरापेक्षा आधीचा भाग जास्त आवडतो. आकृत्या वरून छान दिसतात, खालून कळत नाहीत, आणि आकृती सांभाळायची असली की चाल सोपी ठेवावी लागते. हे माझ्या कानाचं मत. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना मध्यंतरच आवडेल.

सामन्याचा तिसरा भाग संपून चौथा सुरू होताना ‘हँग ऑन स्लूपी’ वाजतं. १९६५ पासून बँड हे वाजवतो, आणि १९८५ मध्ये राज्याच्या विधिमंडळानं त्याला ओहायोचं अधिकृत रॉक गाणं ठरवलं. मधल्या जागांत सगळं स्टेडियम हात वर करून ओ-एच-आय-ओ अक्षरं करतं. माझा नातू, जो यंदापासून शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन शिकतोय, त्यानं मला हात कसे करायचे ते शिकवलं.

तिकिटाबद्दल दोन शब्द. सामन्याचं तिकीट महाग आहे आणि मोठ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तर अव्वाच्या सव्वा. आम्ही एका पुनर्विक्रीच्या साइटवरून घेतलं. शेवटच्या पायरीवर शुल्कांची अशी भर पडली की जावई दोन मिनिटं गप्प होता. नुसत्या बँडसाठी एवढे घालू नका. कमी महत्त्वाच्या, सप्टेंबरातल्या सामन्याचं तिकीट काढा, बँड तोच असतो आणि हवा बरी असते. आणि जागा घेताना विचारून घ्या की त्या दिवशी अक्षरांचं तोंड कुठल्या बाजूला आहे. विरुद्ध बाजूला बसलात तर शब्द उलटा वाचावा लागतो. वरचा मजला स्वस्त असतो आणि स्क्रिप्ट ओहायोसाठी खालच्यापेक्षा चांगला. गुडघे दुखत असतील तर मात्र वर चढण्याचा विचार आधी करा.

पार्किंगला फार आधी यावं लागतं, त्यापेक्षा हाय स्ट्रीटवरची बस घ्या आणि चालत आत या. स्टेडियमला पारदर्शक पिशवीच लागते, त्यामुळे नेहमीची पर्स किंवा झोळी घरीच ठेवा.

आणि अरीनात कुठे बसायचं? लोक समोरासमोर, खाली जागा पकडायला धावतात. बँडच्या अगदी जवळ बसलात तर जवळच्या ओळीचाच आवाज कानात भरतो, बाकीचं दबतं. अर्ध्याच्या वर, मधोमध बसा. तासभर आधी पोचलात तर ती जागा सहज मिळते. तिथे कॉर्नेट आणि बास एका वेळी कानावर येतात आणि मधले आल्टो हॉर्न, जे बाहेर मैदानात कधीच ऐकू येत नाहीत, ते तिथे लख्ख ऐकू येतात.